नावांची यादी मी देणार नाही: मुंबईतल्या मराठी मंडळ्यांना खुले पत्र

मुंबई व उपनगरांतील मराठी ख्रिस्ती मंडळ्यांचे सन्माननीय पाळक, पास्टोरेट कमिट्यांचे सभासद, वडीलवर्ग आणि महिला मंडळांतील भगिनींनो,

ख्रिस्तात सप्रेम सलाम.

आमच्या मंडळीच्या येत्या वर्धापन दिनी ‘निःस्वार्थ सेवकांचा’ जाहीर सत्कार करण्याचा ठराव झाला आहे. शाल, पुष्पगुच्छ, स्मृतिचिन्ह, फोटो. महिला मंडळाकडे नावे मागितली आहेत आणि ती गोळा करण्याचे काम माझ्याकडे आले आहे. इतर काही मंडळ्यांतही असाच विचार चालू असल्याचे कानावर आले. यामागचा हेतू चांगला आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. ज्यांच्याकडे वर्षानुवर्षे कुणाचे लक्ष गेले नाही, त्यांच्याकडे निदान एक दिवस मंडळीने पाहावे, असे आपल्याला वाटते. तरीही मी नावे देणार नाही. त्याचे कारण कमिटीच्या सभेत चहा येईपर्यंतच्या वेळात सांगण्यासारखे नाही, म्हणून हे पत्र.

मी पालिकेच्या एका रुग्णालयात स्टाफ नर्स होते, पुढे सिस्टर इन्चार्ज झाले आणि त्याच पदावरून निवृत्त झाले. आपल्या समाजात माझ्यासारख्या पुष्कळ जणी आहेत. मिरज, नगर, जालना इथल्या मिशन दवाखान्यांत शिकून कितीतरी मुली मुंबईला आल्या, नर्सेस क्वार्टर्समध्ये राहिल्या, रविवारी ड्यूटी नसेल तेव्हा भायखळ्याला, गिरगावला, परळला उपासनेला गेल्या. त्यामुळे मी जे लिहिते आहे ते वॉर्डात पाहिलेले आहे आणि चर्चच्या बाकावरून पाहिलेलेही आहे.

नावे आठवायला बसले तेव्हा पहिली आठवली ती एक मुलगी. मुलगी म्हणते, पण तिची पन्नाशी उलटली आहे. बीडीडी चाळीतल्या १६० चौरस फुटांच्या खोलीत ती आणि तिची आई राहतात. आई अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेली आहे. अशा माणसाचे करणे काय असते ते जरा सविस्तर सांगते, कारण ‘आजाऱ्यांची सेवा करणाऱ्यांना बळ दे’ हे वाक्य आपल्या प्रार्थनांत फार पटकन म्हणून होते.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते. आपण झोपेत नकळत वळतो, त्याला वळता येत नाही. माकडहाड, खुबे, टाचा, खांद्याची पाती, जिथे हाडावर मांस कमी तिथे शरीराच्याच वजनाखाली रक्त पोचेनासे होते. आधी कातडी लाल दिसते आणि बोटाने दाबून सोडली तरी ती लाली जात नाही. तेव्हा दुर्लक्ष झाले तर फोड येतो, मग जखम होते, आणि जखम हाडापर्यंत जायला फार दिवस लागत नाहीत. भरून यायला मात्र महिने जातात. म्हणून रात्री दहा, बारा, दोन, चार. प्रत्येक वेळी उठायचे, खालची चादर ओढून आईला कुशीवर घ्यायचे, पाठीला उशी लावायची, दोन गुडघ्यांमध्ये गोधडीची घडी घालायची, चादरीची चुणी हाताने सरळ करायची, कारण चुणीनेही कातडी जाते. भरवताना डोके उंच धरायचे. घास गिळला गेला की गालातच राहिला ते पाहायचे. घास श्वासनलिकेत गेला तर न्यूमोनिया ठरलेला. पहाटे नळाला पाणी आले की सगळ्यांत आधी आईचे कपडे आणि चादरी. मग स्वतःची अंघोळ, डबा, शेजारणीकडे किल्ली, आणि कामावर. शेजारीण दुपारी दोनदा डोकावते. ती मराठा समाजातली आहे, चर्चशी तिचा काही संबंध नाही, आणि तिचे नावही कुठल्या यादीत नाही.

त्या आईच्या अंगावर आजवर एक जखम झालेली नाही. हे घरी, एकट्या माणसाने साधणे किती अवघड आहे ते परिचारिकेला विचारा. रुग्णालयात आमच्या तीन पाळ्या असत. तिची पाळी संपतच नाही.

मध्यंतरी मंडळीतले कुणीतरी तिला म्हणाले, “हल्ली उपासनेला दिसत नाहीस, विश्वासात थंड पडलीस का?” तिने उत्तर दिले नाही. आपल्या वार्षिक अहवालात संडे स्कूलची हजेरी येते, बायबल अभ्यासाच्या सभा येतात, सुवार्ताफेऱ्या येतात, दानार्पणाचा हिशेब तर पैशापर्यंत येतो. तिच्या रात्रींसाठी त्यात रकाना नाही.

स्तोत्र ४१ मधले तिसरे वचन आपल्या व्यासपीठावरून फारसे ऐकू येत नाही. आजारी माणसाला परमेश्वर अंथरुणावर सांभाळतो, आणि त्याच्या दुखण्यात त्याचे अंथरूण तो स्वतः नीट करतो, असे तिथे म्हटले आहे. आकाश आणि पृथ्वी निर्माण करणारा आजाऱ्याच्या उशाशी येऊन चादर सारखी करतो. ख्रिस्ती माणसाने सेवेचा अर्थ शोधायचा तर मला वाटते इथून सुरुवात करावी. रात्री दोन वाजता त्या खोलीत जे चालते ते देवाचेच काम, तिच्या हातांनी चाललेले. मंडळीने त्याला मान्यता दिली म्हणून ते पवित्र होणार नाही. ते पवित्रच आहे.

दुसरे नाव एका गृहस्थांचे. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी ते एकदा तरी येऊन गेले असतील, आणि त्या दिवशी आपण इतक्या दुःखात असू की ते आले होते हेही आठवत नसेल. मंडळीत कुणी वारले की फोन त्यांना जातो. डॉक्टरांचा दाखला, रुग्णालयातला कागद, पेटीची मापे, शववाहिनी, शिवडीच्या दफनभूमीतले ऑफिस, कबर खणणाऱ्यांशी बोलणे, पाळकसाहेबांची आणि मातीची वेळ जुळवणे, पावसाळा असेल तर खड्ड्यातले पाणी उपसण्याची सोय. नातेवाईक नगरहून, संभाजीनगरहून निघालेले असतात, त्यांना कुठे उतरायचे ते सांगणे. सगळे आटोपले की ते मागच्या मागे निघून जातात. १८६५ साली सुरू झालेल्या त्या दफनभूमीत कुठली वाट कुठे जाते हे आज आपल्या मंडळीत त्यांच्याइतके कुणालाच ठाऊक नाही. त्यांना आता गुडघ्यांनी चालवत नाही. ही गोष्ट पुढे पुन्हा काढणार आहे.

आणखीही आहेत. प्रभुभोजनाचे छोटे पेले सोमवारी येऊन एकेक करून धुणारी, विसळणारी, पालथे घालणारी आजी. अंबरनाथच्या एका म्हाताऱ्या जोडप्याला गर्दीच्या लोकलमधून हात धरून उपासनेला आणणारा आणि परत पोचवणारा कॉलेजातला मुलगा. आणि पाळकबाई, म्हणजे पाळकसाहेबांच्या पत्नी. दर काही वर्षांनी बदली, मुलांची शाळा तोडायची, नव्या पॅरिशमध्ये पुन्हा सगळ्यांची ओळख करून घ्यायची, दार कधी बंद ठेवायचे नाही, आणि स्वतःचे दुःख कुणाला सांगायचे नाही, कारण सांगितले तर ते मंडळीभर होते. त्यांचा सत्कार झाला तरी तो पाळकसाहेबांच्या निरोपसमारंभात, शेवटच्या दोन वाक्यांत.

आता वचनाकडे येते. मत्तयाच्या सहाव्या अध्यायात प्रभूने दानधर्म, प्रार्थना आणि उपास या तिन्हींबद्दल एकच गोष्ट तीनदा सांगितली: गुप्तपणे पाहणारा पिता तुला प्रतिफळ देईल. आणि जे दानधर्म करताना रस्त्यांत आपल्यापुढे कर्णे वाजवतात त्यांच्याबद्दल तो म्हणाला की त्यांना त्यांचे प्रतिफळ मिळून चुकले आहे. मला या शेवटच्या वाक्याची भीती वाटते. माझ्यासाठी नव्हे, तिच्यासाठी. जिने इतकी वर्षे फक्त पित्याच्या नजरेखाली काम केले, तिच्या खांद्यावर आपण एका संध्याकाळी शाल घालून ‘झाले, फेडले’ म्हणून मोकळे व्हायचे का? मोकळे आपण होऊ. तिची रात्र दहा वाजता पुन्हा सुरू होईल.

पंचविसाव्या अध्यायाकडे तर आपण फार घाईने पाहतो. भुकेला, तान्हेला, परका, उघडा, आजारी, बंदिशाळेतला, ज्यांची सेवा ती माझीच सेवा असे प्रभूने म्हटले त्यांची ही यादी सगळ्यांना पाठ आहे. पण न्यायाच्या दिवशी उजवीकडे उभ्या केलेल्या लोकांनी राजाला, म्हणजे ख्रिस्ताला, काय विचारले ते पाहा. ‘प्रभू, आम्ही तुला केव्हा पाहिले?’ आपण काही सेवा केली हे त्यांच्या ध्यानातही नव्हते. त्यांची सेवा लोकांपासून झाकलेली होती आणि त्यांच्या स्वतःपासूनही झाकलेली होती. शिवाय त्या दिवशी राजासमोर सर्व राष्ट्रे जमलेली असतात. कोण कुठल्या मंडळीचा सभासद, हा प्रश्न तिथे निघत नाही.

मुंबईत राहून हा अध्याय वाचताना मला नेहमी परळचे केईएम रुग्णालय आठवते. २७ नोव्हेंबर १९७३ च्या रात्री तिथल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर हल्ला झाला आणि त्या कधीच उठल्या नाहीत. १८ मे २०१५ रोजी त्यांचे निधन झाले. मधली सुमारे ४२ वर्षे वॉर्ड क्रमांक चारशेजारच्या खोलीत केईएमच्या परिचारिकांनी त्यांना भरवले, अंघोळ घातली, कूस बदलली. एक पिढी निवृत्त झाली, दुसरी आली, तिसरी आली. ज्यांनी अरुणाताईंना चालता-बोलताना कधी पाहिलेही नव्हते अशा मुलींनी ते काम हाती घेतले. त्यांच्या दयामरणाचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि ७ मार्च २०११ च्या निकालात न्यायालयाने या परिचारिकांची आवर्जून प्रशंसा केली. इतक्या वर्षांत अरुणाताईंच्या अंगावर एकही बेडसोर, म्हणजे पडून राहून होणारी जखम, झाला नाही, हे तिथे नोंदवले गेले. आम्हा नर्सेसना त्या एका ओळीत हजारो रात्री दिसल्या. त्या परिचारिका सगळ्या ख्रिस्ती नव्हत्या. काही होत्या, काही नव्हत्या. हे मी मुद्दाम लिहिते, कारण आपण कधीकधी सेवा ही आपलीच मक्तेदारी असल्यासारखे बोलतो. दादरला टाटा रुग्णालयाच्या कॅन्सर रुग्णांना आसरा देणारी धर्मशाळा गाडगेबाबांच्या नावाची आहे. बाबा गावात शिरले की आधी खराटा घेऊन गाव झाडत, रात्री कीर्तन करत, आणि कुणाला पाया पडू देत नसत. मत्तय २५ चा राजा त्यांना काय म्हणेल याचा निवाडा माझ्याकडे नाही. पण त्या झाडलेल्या रस्त्यावरून चालताना ख्रिस्ती माणसाला आपला प्रभू ओळखू येऊ नये, असे कसे होईल?

आपल्या स्वतःच्या इतिहासातही हेच आहे. पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ विधवा आणि मुलींसाठी शारदा सदन सुरू केले, हे आपण मुलांना सांगतो. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी हिब्रू आणि ग्रीकवरून सबंध पवित्र शास्त्र मराठीत आणले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या प्रभूकडे गेल्या आणि ग्रंथ छापून पूर्ण झाला १९२४ मध्ये. त्याचे खिळे जुळवणाऱ्या, छपाईचे काम करणाऱ्या मुक्तीतल्याच स्त्रिया होत्या. दुष्काळातून वाचवून आणलेल्या, घरातून टाकलेल्या, विधवा झालेल्या कितीतरी जणी मुक्तीत होत्या. उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत एकेक अक्षर बोटांनी उचलून जागेवर बसवायचे. त्यांची नावे आपल्याला माहीत नाहीत, आणि ते पवित्र शास्त्र मात्र आहे. तसेच आपल्या जुन्या बायबलबाया. वाड्यावस्त्यांत, गिरण्यांच्या चाळींत घरोघर जाऊन बायकांना वाचायला शिकवणाऱ्या, बाळंतिणीपाशी बसणाऱ्या. आपल्यापैकी कितीतरी घराण्यांचा विश्वास अशाच एखाद्या बाईच्या ओसरीवर येऊन बसण्यापासून सुरू झालेला आहे. चर्चच्या भिंतींवर मिशनरी साहेबांच्या संगमरवरी पाट्या आहेत आणि त्यांना योग्य तो मान आहेच. बायांच्या पाट्या नाहीत.

कुणी म्हणेल, मग आता तरी पाट्या लावू या. माझे म्हणणे वेगळे आहे, आणि ते सांगायला मला मार्थेची मदत लागेल.

मार्थेवर आपण फार अन्याय केला आहे. लूकच्या दहाव्या अध्यायावरचा उपदेश बहुधा एकाच वाटेने जातो: मरीया प्रभूच्या चरणांशी बसली, मार्था कामात गुंतली, म्हणून मार्थेसारखे होऊ नका. उपदेश संपला की त्याच बाया उठून प्रीतिभोजनाच्या पंगती वाढायला जातात. पण मार्थेने प्रभूकडे मागितले काय, ते तरी ऐकू या. माझे कौतुक कर, असे ती म्हणाली नाही. सगळ्यांना सांग की हे जेवण मी केले आहे, असेही म्हणाली नाही. माझ्या बहिणीने मला एकटीला काम करायला सोडले आहे, मला मदत करायला तिला सांग, एवढेच तिचे म्हणणे होते. प्रभूने तिची दगदग थांबवली, तिला नावाने दोनदा हाक मारली. तिला घालवून दिले नाही. आणि योहानाच्या अकराव्या अध्यायात, तिचा भाऊ लाजर याच्या कबरेकडे जाताना, ‘तूच ख्रिस्त, देवाचा पुत्र’ हा कबुलीजबाब कुणाच्या तोंडून येतो? मार्थेच्या. पुढच्याच अध्यायात पुन्हा जेवणावळ आहे, आणि तिथे ती वाढतेच आहे.

इतकी वर्षे वॉर्डात काढल्यावर मी एवढे नक्की सांगू शकते की मूकपणे करणाऱ्या माणसाला बहुधा ओळखीची भूक नसते. एकटेपणा त्याला खातो. ज्या घरात करणारी एकटी असते तिथे हळूहळू प्रेमाची जागा चीड घेते, चिडीपाठोपाठ अपराधी वाटणे येते, आणि ते कुणाला सांगता येत नाही, कारण सगळे तिला ‘किती करतेस गं’ म्हणून गेलेले असतात. ते तीन शब्द बोलून माणसे जिना उतरतात. कुणी म्हणत नाही की ऊठ, दोन तास झोप, मी बसते.

आणि दुसरी बाजू स्पष्टच लिहिते. ‘उजवा हात काय करतो ते डाव्या हाताला कळू नये’ हे वचन देणाऱ्याला सांगितलेले आहे. घेणाऱ्याने ते पुढे करून आपली जबाबदारी टाळायची नाही. आपल्या चर्चची देखभाल करणाऱ्या सेक्स्टनभाऊंचे उदाहरण घ्या. मी कुठल्या एका मंडळीबद्दल बोलत नाही, प्रत्येकाने आपले कागद काढून पाहावेत. पहाटे फाटक उघडणे, घंटा, बाके पुसणे, लग्न, माती, रात्रीच्या सभेनंतर खुर्च्या, पुन्हा फाटक. त्यांना भविष्यनिर्वाह निधी आहे का? आठवड्याची सुट्टी कोणत्या वारी? मूल आजारी पडले तर खर्च कोण करते? ‘ते प्रभूची सेवा म्हणून करतात, त्यांना पैशाचे काही नसते,’ हे वाक्य मी कमिटीतल्या माणसांकडून ऐकले आहे. याकोबाच्या पाचव्या अध्यायात कामकऱ्यांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते आणि ती ओरड सेनाधीश परमेश्वराच्या कानी पोचते. अशा भावांना शाल देऊ नका. पगार वाढवा, लेखी करा, महिन्याच्या पहिल्या तारखेला द्या.

आणखी एक गोष्ट, तरुण संघाच्या मुलांसाठी. नाताळच्या आठवड्यात रुग्णालयांत फळवाटप होते. बॅनर, केळी, बिस्किटे, केक, आणि खाटेवरच्या माणसासोबत फोटो. मधुमेहाच्या रुग्णापुढे केक ठेवला जातो आणि फोटो काढून लोक पुढच्या खाटेकडे जातात. मुलांनो, तुमच्या मनात वाईट नसते, मला माहीत आहे. पण ती बाई त्या वेळी आजारी असते, विस्कटलेली असते, तिला तिचा फोटो नको असतो, आणि नाही म्हणायची तिला हिंमत होत नाही. शिवडीच्या टीबी रुग्णालयात असे रुग्ण असतात ज्यांना भेटायला घरचे येणे बंद झालेले असते. डिसेंबरात केळी येतात. फेब्रुवारीत कुणी येत नाही. तुम्ही फेब्रुवारीत जा. मास्क लावून जा, सिस्टरना विचारून जा, मोबाइल खिशात ठेवा. कुणाचे पत्र लिहून द्या, कुणाचा रेशनकार्डाचा अर्ज भरून द्या, कुणाला नुसते ऐका.

मी नावांच्या विरुद्ध आहे असे कुणी समजू नये. रोमकरांस पत्राचा सोळावा अध्याय नावांनीच भरलेला आहे. उपासनेत त्याचे वाचन आले की वाचणाऱ्याची जीभ अडखळते: त्रुफैना, त्रुफोसा, पर्सिस, आणि पुष्कळ श्रम केलेली मरीया. पौलाला माणसे नावाने आठवत होती. पण त्या अध्यायाचा आरंभ पाहा. फिबी ही किंख्रिया इथल्या मंडळीची सेविका. तिने पुष्कळांना, आणि खुद्द पौलाला, साहाय्य केले होते. मग पौल रोमच्या मंडळीला काय सांगतो? तिचा प्रभूमध्ये स्वीकार करा आणि ज्या ज्या गोष्टीत तिला तुमची गरज पडेल त्या त्या गोष्टीत तिला मदत करा. तिच्या सेवेची ओळख पटली याची खूण म्हणून पौलाने रोमकरांच्या हातात काम दिले. मंडळीने गौरव करायचा तर तो असा करावा, एवढेच माझे मागणे आहे.

सत्कारासाठी जी रक्कम काढून ठेवली असेल तिच्यातून दोन हवेच्या गाद्या घ्याव्यात, ज्यांना आपल्याकडे बहुतेक लोक वॉटर बेड म्हणतात. एक घडीची व्हीलचेअर, एक वॉकर, एक कमोड चेअर. चर्चच्या स्टोअररूममध्ये ठेवाव्यात आणि ज्याच्या घरी लागेल त्याच्या घरी पोचवाव्यात, ख्रिस्ती असो वा नसो. प्रत्येक मंडळीत, घरात अंथरुणाला खिळलेले माणूस असलेली कुटुंबे कोणती ते पाळकसाहेबांना माहीत असते. त्या प्रत्येक घरी आठवड्यातून एक दुपार कुणीतरी जाऊन बसावे, म्हणजे घरच्या करणाऱ्या माणसाला झोपता येईल, बँकेत जाता येईल, केस कापून घेता येतील, किंवा चर्चमध्ये येऊन मागच्या बाकावर नुसते बसता येईल. प्रभुभोजन त्या घरी महिन्यातून एकदा जावे. पाळकसाहेबांबरोबर मंडळीच्या वडीलवर्गातले एक जण असावेत, आणि त्यांनी लगेच उठू नये.

मातीची व्यवस्था पाहणाऱ्या आपल्या बंधूंबरोबर तरुण संघातल्या दोघांनी आजपासून जावे. त्यांच्या डायरीतले फोन नंबर, दफनभूमीच्या ऑफिसचे नियम, कुठल्या कबरीवर कुणाचा हक्क, हे सगळे त्यांच्याबरोबर जाऊ द्यायचे नाही. रात्री दीड वाजता फोन आला तर त्यांनी घरी राहावे आणि मुलांनी निघावे.

पेले धुणाऱ्या आजींना विचारावे की सोमवारी कुणी सोबतीला आलेले चालेल का. नको म्हणाल्या तर आग्रह करू नये. काही माणसांना ते काम एकट्यानेच करायचे असते. ती त्यांची प्रार्थनेची वेळ असते.

पाळकबाईंच्या बाबतीत मला एकच सुचते. त्यांना कुणी मैत्रीण असावी, मंडळीबाहेरची असली तरी चालेल, आणि तिच्याकडे जायला त्यांना मोकळा दिवस असावा. त्या दिवशी पार्सनेजची, म्हणजे पाळकांच्या घराची, बेल आपण वाजवू नये.

घरी बसायला जाणाऱ्यांना चादर ओढून कूस कशी बदलायची, लाली कशी तपासायची, अंथरुणातच अंघोळ कशी घालायची, ठसका न लागता कसे भरवायचे, हे सगळे मी शिकवीन. माझ्याबरोबरच्या आणखी दोन निवृत्त सिस्टर यायला तयार आहेत. शनिवारी दुपारी चर्चचा हॉल हवा, एक लोखंडी खाट, दोन चादरी आणि चार उशा. पुरुषांनीही यावे. अर्धांगवायू झालेल्या धिप्पाड वडिलांना कुशीवर घेणे एकट्या आईच्या किंवा सुनेच्या ताकदीबाहेरचे असते, आणि मुलगा बहुतेक वेळा दाराबाहेर उभा असतो. कोणता शनिवार सोयीचा ते कमिटीने महिला मंडळाला कळवावे.

ख्रिस्ताच्या सेवेत आपली बहीण,
एक निवृत्त परिचारिका
भायखळा, मुंबई